सातभाईची निळी अंडी

पान उलटलं आणि घरटं आलं. गवताची गोल वाटी, तिच्यात चार अंडी, रंग निळा. रांगोळीच्या पुडीत असतो तसा निळा. पुस्तक अमेरिकेतल्या रॉबिन पक्ष्याचं होतं. एका मैत्रिणीने तिकडून आणलेलं, मोठ्या पानांचं, शब्द अगदी थोडे. मे महिन्यातली दुपार, सांगली जिल्ह्यातल्या कुंडलमधल्या आमच्या जुन्या घराचा सोपा आणि माझ्याभोवती भावाची दोन मुलं धरून सात जण. चित्र सगळ्यांना दिसेल असं मी पुस्तक फिरवून धरलं आणि सांगितलं, की हा परदेशातला पक्षी, असली निळी अंडी आपल्याकडे नसतात.

"असत्यात की," मागून आवाज आला. चौथीतला मुलगा, पलीकडच्या गल्लीतला. "सातभाईची निळीच असत्यात. ह्याच्यापरास निळी."

रात्री मी सालिम अलींचं पुस्तक काढून पाहिलं. पोराचं बरोबर होतं. सातभाई म्हणजे मातकट रंगाचा, सदा टोळक्याने फिरणारा आणि सदा कलकलाट करणारा पक्षी. त्याची अंडी गर्द निळी असतात. परसात रोज दिसणाऱ्या या पक्ष्याच्या अंड्यांचा रंग मला पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हता, आणि तो मला कुंडलच्या मुलाने सांगितला तो एका अमेरिकन पक्ष्याचं चित्र पाहून.

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, "कुठं बघितलीस रे?"

"आमच्या लिंबुणीवर. चार व्हती. दोन मी काढली."

"मग?"

"फुटली."

त्याने काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. एवढं बोलून तो पुस्तकातल्या घरट्यावर बोट फिरवत बसला. एक, दोन, तीन, चार. पुन्हा एक, दोन, तीन, चार. ते बोट पाहत असताना मला पहिल्यांदा कळलं, की घरट्यांची चित्रपुस्तकं मुलांसोबत का वाचायची. घरटं म्हटलं की मुलाचा हात शिवशिवतो. आत काय आहे ते बघायचं असतं, उचलायचं असतं, ऊब लागते का ते पाहायचं असतं. खऱ्या घरट्यात तो हात जाऊ नये आणि तरी त्या हाताची ओढ मरू नये, ही दोन्ही कामं एकाच वेळी करणारी वस्तू माझ्या माहितीत एकच आहे. पुस्तकातल्या घरट्यात बोट घालता येतं.

*

कुंडलला माणसं बहुतेक करून इतिहासासाठी येतात. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं हे एक मुख्य ठाणं. जी. डी. बापू लाड इथलेच, आणि साखर कारखान्याला त्यांचंच नाव आहे. त्याआधी कुंडल औंध संस्थानात होतं. दरवर्षी इथे कुस्तीचं मोठं मैदान भरतं, तेव्हा महाराष्ट्रभरातले मल्ल येतात. डोंगरावर झरी पार्श्वनाथाचं जैन तीर्थ आहे. या सगळ्यावर खूप लिहिलं गेलंय आणि पुढेही लिहिलं जाईल.

मी आले ती पाखरांच्या मागे. डोंगराची जी रांग कुंडलच्या पाठीशी आहे तिच्यातच सागरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम पावणेअकरा चौरस किलोमीटर. १९८५ साली ते अभयारण्य झालं, पण त्याच्या आधीची हकिगत मोठी आहे. उजाड, बोडक्या डोंगरांवर माणसांनी हाताने झाडं लावून हे वन उभं केलं आणि त्यामागे वृक्षमित्र धों. म. मोहित्यांची वर्षानुवर्षांची धडपड होती. कुंडलमध्येच वनखात्याची प्रबोधिनी आहे. राज्यातल्या वनाधिकाऱ्यांचं प्रशिक्षण तिथे चालतं. म्हणजे जंगल राखायला शिकणारी माणसं आणि बेचकी घेऊन हिंडणारी पोरं एकाच गावच्या शिवारात असतात.

डोंगर सोडून खाली उतरलं की ऊस. पलूसच्या बाजूला द्राक्षबागा, आणि हंगामात त्यांच्यावर पाखरं येऊ नयेत म्हणून ताणलेली जाळी. माझ्या लहानपणी शाळूच्या राखणीला माळ्यावर बसून गोफण फिरवायची पद्धत होती. आवाज करायचा, पाखरू उठवायचं. पाखरू उडून जायचं. जाळीत मात्र ते अडकतं. बागायतदाराचा मी राग धरत नाही. एका हंगामाच्या द्राक्षावर त्याचं वर्षाचं कर्ज उभं असतं. पण जाळीत अडकलेल्या बुलबुलाची काडीइतकी तंगडी सोडवताना त्या चौथीतल्या मुलाचे हात किती हळुवार झाले होते, तेही मी पाहिलंय. दोन महिन्यांपूर्वी अंडी काढणारे तेच हात.

*

मराठी मुलाच्या आयुष्यात घरट्याची पहिली गोष्ट पुस्तकातून येत नाही. ती जेवताना येते. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पाऊस येतो, शेण वाहून जातं, काऊ चिऊच्या दाराशी जातो आणि चिऊ बाळाची सगळी कामं आटपेपर्यंत दार उघडत नाही. ही गोष्ट किती पिढ्यांनी किती घासांबरोबर गिळली असेल!

मी मुलांना ती सांगितली आणि मग कागद देऊन दोन्ही घरांची चित्रं काढायला सांगितली. भावाच्या धाकटीने विचारलं, "आत्ती, चिमणीनं मेण कुठनं आणलं?" मग बाकीचेही सुरू झाले. कावळ्याचं घर शेणाचं नसतंच, काटक्यांचं असतं. तारापण असत्यात. आमच्या नारळावरच्या कावळ्यानं बांधकामाची तार नेली. कावळा मुकादमासारखा निवडून निवडून तार नेतो, असं एकाने उभं राहून करून दाखवलं.

गोष्ट खोटी पाडायचं माझ्या मनात नव्हतं. तिचं काम वेगळं आहे. ती घास भरवते आणि कुणाला तरी दाराबाहेर पावसात उभं करण्याची हुरहुर लावते. पण चित्र काढायला लागताच मुलांना पडलेल्या प्रश्नांनी त्यांना खऱ्या घरट्यांकडे वळवलं. चिमणीचं घरटं शोधायला निघालो तर नव्या घरांत सापडेना. आज्जीच्या सोप्यात वासे होते, भिंतीत कोनाडे होते, देवादिकांच्या तसबिरी भिंतीपासून वर झुकलेल्या असायच्या. त्या प्रत्येक तसबिरीमागे चिमणीचा संसार असायचा. केर पडला की आज्जी कुरकुरायची, पण पिल्लं असेपर्यंत तसबिरीला हात लावू द्यायची नाही. स्लॅबच्या घरात तसबिरी सपाट बसतात आणि भिंतीला भोक नसतं. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी २०१० पासून २० मार्च हा चिमणी दिवस जगभर सुरू केला, लाकडी पेट्यांची घरटी लोकांच्या हाती दिली. त्यातलीच एक पेटी आता भावाच्या पोर्चमध्ये टांगली आहे. चिमण्यांनी पहिलं वर्ष तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या वर्षी मीटरच्या पेटीमागची जागा भरल्यावर त्या आल्या.

*

चित्रांच्या पुस्तकाचं या भागाला वावडं नाही, उलट जुनं नातं आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांचं 'चित्ररामायण' १९१६ साली छापलं गेलं. कुंडल त्यांच्याच राज्यातलं. हाकेच्या अंतरावर किर्लोस्करवाडी, १९१० साली माळावर वसलेली. नांगर आणि पंप करणाऱ्या त्या गावातून पुढे 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' ही मासिकं महाराष्ट्रभर गेली. ग. दि. माडगूळकरांच्या शिक्षणाची काही वर्षं कुंडलमध्ये गेली. कुरूप बदकाच्या पिल्लाच्या अँडरसनच्या कथेवरून त्यांनी लिहिलेलं गाणं आजही इथल्या प्रत्येक अंगणवाडीत म्हटलं जातं. भलत्याच घरट्यात निघालेल्या पिल्लाची ती गोष्ट डेन्मार्कची आहे, पण माझ्या मुलांना ती ऐकताना कावळा आठवतो.

कारण आपल्याकडे भलत्या घरट्यातलं अंडं कोकिळेचं असतं. आणि नुसतं कोकिळेचं नाही. पावशा, जो वळवाच्या आधी 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' म्हणून शेतकऱ्याला हाका देतो, तोही घरटं बांधत नाही. त्याची मादी सातभाईच्या घरट्यात अंडं घालते, आणि त्या अंड्याचा रंगही निळाच असतो, सातभाईच्या अंड्यात मिसळून जाईल असा. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा लिंबुणीवाला मुलगा बराच वेळ विचारात पडला. मग म्हणाला, "मग म्या काढली ती पावशाची असतील तर?" त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. पेरणीची हाक देणारा पक्षी सातभाईच्या कष्टांवर वाढतो, या एवढ्या गोष्टीचं एक मोठ्या पानांचं, चांगल्या रंगांचं मराठी पुस्तक मला हवं आहे. निळ्या अंड्यांच्या पानापासून सुरू होणारं.

मुलांसाठी चांगली मराठी पुस्तकं नाहीत असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. १९७१ च्या नोव्हेंबरात बालभारतीने 'किशोर' सुरू केलं. माझ्या पिढीला पक्ष्यांची पहिली रंगीत चित्रं त्याने दिली आणि त्याचे जुने अंक आज कुणालाही फुकट वाचता येतात. माधुरी पुरंदऱ्यांनी मराठी मुलांना चित्र 'वाचायला' शिकवलं. त्यांच्या पुस्तकातलं घर आपलं असतं, पायपुसणं आपलं असतं, आजीचा पदर आपला असतो. किरण पुरंदऱ्यांच्या 'पक्षी : आपले सख्खे शेजारी' या पुस्तकाच्या नावातच सगळं आलं. अरविंद गुप्तांनी देशोदेशीची चित्रपुस्तकं मराठीत आणून सगळ्यांसाठी खुली ठेवली. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर सुरू केल्यापासून शिक्षकाला फोनवर पुस्तक उतरवता येतं, आपल्या बोलीत बदलता येतं आणि छापून वाटताही येतं, कुणाची परवानगी न मागता. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचा अर्ली बर्ड हा उपक्रम तर पक्ष्यांची चित्रकार्डं आणि तक्ते भारतीय भाषांत करतो.

माझी तक्रार वेगळी आहे आणि ती चित्रातल्या घरट्याबद्दल आहे. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पुस्तकांत घरटं म्हणजे नेहमी एकच गोष्ट: दोन फांद्यांच्या बेचक्यात काटक्यांची वाटी, तिच्यात चोची वासून बसलेली तीन पिल्लं. होल्याचं घरटं असं नसतं. चार काटक्या आडव्या-उभ्या टाकलेल्या, खालून पाहिलं तर अंडं दिसतं. वेडा राघू मातीच्या दरडीत बोगदा खणतो. खंड्याही तसाच. शिंपी पानं शिवतो, आणि त्यासाठी कोळ्याचं जाळं आणि कापूस वापरतो. भिंगरी पुलाखाली चिखलाच्या गोळ्या एकावर एक चिकटवते. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला चिणून घेते. फक्त एक फट उरते आणि त्या फटीतून नर तिला आणि पिल्लांना भरवतो. टिटवी तर काहीच बांधत नाही. माळावर जरा खोलगट जागा, चार खडे, की झालं. प्रत्येक पानावर नवं काहीतरी दाखवण्याची एवढी सोय असताना सगळ्यांच्या वाट्याला तीच वाटी का?

रॉबर्ट मॅक्लॉस्की नावाच्या अमेरिकन चित्रकाराचं बदकांच्या कुटुंबावरचं पुस्तक १९४१ साली निघालं. नर-मादी घरट्यासाठी सुरक्षित जागा शोधत बॉस्टन शहरावर उडत हिंडतात, एवढीच त्यातली सुरुवात. त्या चित्रांसाठी त्याने बदकं विकत घेऊन आपल्या राहत्या घरात ठेवली आणि हातात वही घेऊन जमिनीवर त्यांच्या मागे मागे रांगत फिरला. बॉस्टनच्या बागेत आज त्या बदकांचे ब्राँझचे पुतळे आहेत आणि मुलं त्यांच्या पाठीवर बसतात. आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकर असेच होते. याच जिल्ह्यातल्या माडगुळ्याचे, हातात लेखणीबरोबर चित्रकाराची पेन्सिल असलेले. रानात बसून पाहिल्याशिवाय त्यांनी पाखरू कागदावर उतरवलं नाही.

*

जूनमध्ये मी पुन्हा गेले ते सुगरणीसाठी. डोंगराकडच्या वाटेवर एक जुनी विहीर आहे, काठावर वाकलेली बाभूळ. तिच्यावर दरवर्षी खोपे लटकतात. बाभळीला काटे, खाली पाणी, त्यामुळे सापाला आणि मांजराला तिथवर पोचणं अवघड. जागा निवडण्यातली ही अक्कल आज्जी मला सांगायची. आज्जी असंही सांगायची, की सुगरण चिखलाच्या गोळीत काजवा रोवून आत दिवा लावते. चिखलाच्या गोळ्या खोप्यात असतात हे खरं. काजव्याचा दिवा मी अजून पाहिलेला नाही.

बहिणाबाईंनी खोप्यावर कविता रचली आणि सुगरण महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली. त्या कवितेतली सुगरण आई आहे. सालिम अली १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला याच पक्ष्याचा विणीचा हंगाम रोज पाहत होते. पुढच्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी जे छापलं ते वाचून मुलांची तोंडं उघडीच राहिली. खोपा विणतो तो नर. पिवळ्याधमक डोक्याचा नर अर्धवट खोपा विणून थांबतो, फांदीवर पंख फडफडवत ओरडतो. माद्या येतात, आत शिरतात, ओढून ताणून पाहतात. पसंत पडला तर मादी राहते आणि मग नर तो पुरा करतो, मादी आत अंडी घालते. आणि नर? नर शेजारी दुसरा खोपा सुरू करतो.

"मग त्याला सुगरण का म्हणत्यात? सुगरणा म्हणायचं," धाकटी म्हणाली. तो शब्द त्या दिवसापासून आमच्यात कायमचा झाला.

मी एक कोरी चित्रकलेची वही नेली होती. ठरवलं असं, की आठवड्यातून एकदा सगळ्यांनी विहिरीवर जायचं, धावेच्या दगडापाशी थांबायचं, पुढे एक पाऊलही जायचं नाही, आणि परत येऊन वहीच्या एका जोडपानावर काढायचं. गावातल्या एका शिक्षिकेने हे मनावर घेतलं. मी पुण्याला परतले तरी वही पुढे चालली. जून संपताना पहिल्या पानावर नुसती बाभूळ आहे आणि शेजारच्या उसाच्या पानाची चोचीत धरलेली लांब पट्टी. उसाचं पान कडेला चिरून पक्षी उडतो आणि पट्टी सोलत जाते, हे त्यांनी पाहून काढलंय. पट्टी पक्ष्याच्या तिप्पट लांब आहे आणि ते अतिशयोक्त नाही. पुढच्या पानावर एक कडं. मग टोपी. पक्षिशास्त्रातही या टप्प्याला शिरस्त्राणाचा टप्पा म्हणतात. मुलांनी त्याला 'हेल्मेट' लिहिलंय आणि शेजारी भावाच्या मोटरसायकलचं हेल्मेट काढलंय. इथवर यायला पक्ष्याला आठेक दिवस लागतात, पुऱ्या खोप्याला अठराएक. एका खोप्यासाठी पाचशेपर्यंत फेऱ्या होतात. मुलांनी एका सकाळी अर्धा तास फेऱ्या मोजल्या. रेघा ओढून त्यांचं कुंपण झालंय पानाभर.

ऑगस्टच्या पानावर वादळ आहे. दोन खोपे विहिरीत पडले. एक पोरांनी काठीने ओढून काढला, ओला, रिकामा. त्याच्या वजनाने ती चकित झाली. एवढा मोठा आणि एवढा हलका. आतली नळी, अंड्यांची कप्प्यासारखी जागा, भिंतीला चिकटवलेली माती. पाडलेला नव्हे, पडलेला खोपा, म्हणून त्याला हात लावायला हरकत नव्हती. त्या पानावर प्रत्येकाने आपलं बोट रंगात बुडवून खोप्याच्या दारात उमटवलंय.

ती वही आता आमच्याकडचं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पुस्तक आहे.

*

पुस्तकं वाटून वाचायची म्हणजे नुसतं देणं-घेणं नाही, हे मला फलटणला उमगलं. मॅक्सीन बर्नसन बाई अमेरिकेतून आल्या, फलटणच्या झाल्या, आणि प्रगत शिक्षण संस्थेच्या कामातून त्यांनी दाखवलं की घरात पुस्तक नसलेलं मूलही वाचनावर जीव टाकतं. अट एकच, कुणीतरी त्याच्याजवळ बसून त्याच्यासाठी वाचायला हवं. सातारा जिल्ह्यातच भिलारला २०१७ च्या मे महिन्यात पुस्तकांचं गाव झालं. लोकांनी आपल्या घरांत पुस्तकांना जागा दिली. आणि नाशिकच्या विनायक रानड्यांनी २००९ पासून 'ग्रंथ तुमच्या दारी' म्हणत पुस्तकांच्या पेट्या फिरवायला सुरुवात केली, त्या तर पार परदेशातल्या मराठी घरांपर्यंत गेल्या. पेटीची कल्पना मी तिथूनच उचलली. आज्जीची पत्र्याची ट्रंक होती, निळा रंग उडालेली. तिच्यात पाखरांची, झाडांची, काही नुसतीच मजेची अशी चौतीस पुस्तकं भरली.

ट्रंक आधी गल्लीत फिरली. एका घरी आठवडा. नियम एकच: एकट्याने वाचायचं नाही, धाकट्या कुणाला तरी मांडीवर घेऊन वाचायचं. यातून काय काय निघालं! एका घरी आजोबांनी पुस्तक उलटं धरलं होतं कारण मांडीवरच्या नातीला सरळ दिसायला हवं होतं. एकीच्या आईला वाचता येत नव्हतं. तिने टिटवीचं चित्र पाहून मुलाला टिटवीची आपली गोष्ट सांगितली. आभाळ पडू नये म्हणून ती पाय वर करून झोपते, आणि तिने उंचावर अंडी घातली तर त्या साली पाऊस जोराचा. पुस्तकात यातलं एक अक्षर नव्हतं. कावळ्यानं घरटं कुठल्या झाडावर केलं त्यावरून पावसाचे होरे बांधणारे म्हातारे आता थोडे उरले आहेत. चित्रपुस्तक उघडलं की ते बोलायला लागतात, हा मला झालेला मोठा लाभ.

मारुती चितमपल्ली हे काम आयुष्यभर करत राहिले. पारध्यांकडून, आदिवासींकडून, नावाड्यांकडून पाखरांचे शब्द गोळा करायचे, आणि शब्द नसेल तिथे नवा घडवायचा. बगळ्या-करकोच्यांच्या सामूहिक घरट्यांच्या जागेला त्यांनी 'सारंगागार' म्हटलं. असा शब्द मिळाला की जागा डोळ्यांपुढे उभी राहते. १८ जून २०२५ ला ते गेले. त्यांचा वाढदिवस ५ नोव्हेंबर, सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्र पक्षी सप्ताह म्हणून पाळतो आणि तो बरोबर दिवाळीच्या आसपास येतो, कारखान्याचं बॉयलर पेटतं तेव्हा.

*

बॉयलर पेटायच्या सुमारास कुंडलच्या शिवारात आणखी एक वस्ती उभी राहते. बीडकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. माळावर कोप्या पडतात, पूर्वी पाचटाच्या, आता बहुतेक ताडपत्रीच्या. पहाटे तीनला फडावर जायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, वाढे विकायचे. मुलं आईबापांबरोबर येतात, आणि त्यांची गावाकडची शाळा सहा महिने मागे राहते. साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही बंद पडल्या.

गेल्याच्या गेल्या हंगामात ती शिक्षिका आणि मी ट्रंक घेऊन कोप्यांवर गेलो. दिवसा तिथे मुलं आणि म्हातारी माणसंच असतात. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी, कडेवर वर्षाचा भाऊ, लांबून बघत होती. पुस्तकं मांडल्यावर जवळ आली. तिने टिटवीचं पुस्तक उचललं. स्वस्तातलं, पातळ, कुणीतरी भेट दिलेलं. भावाला मांडीवर बसवून ती एकेका चित्राला हात लावत राहिली. वाचत नव्हती, पण ओठ हलत होते.

मी विचारलं, "टिटवी बघितलीस का कधी?"

"आमच्या माळाला लई," एवढंच ती म्हणाली.

त्या दुपारी तिथल्या मुलांना मी घरट्याजवळ न जाण्याबद्दल सांगितलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पाखरांच्या अंड्यांची नासधूस करणं आणि घरटी विस्कटणं हीसुद्धा शिकारच ठरवली आहे. प्रबोधिनीतल्या प्रशिक्षणार्थींना हे कलम पाठ असतं. पण कायदा सांगून मूल थांबत नाही. माणसाचा हात लागलेल्या पिल्लाला बाकीच्या चिमण्या टोचून मारतात, हे मला लहानपणी सांगितलं होतं, आणि त्या भीतीने मी थांबले होते. ते खरं नाही. बहुतेक पक्षी वासावरून पिल्लू टाकत नाहीत आणि खाली पडलेलं पिल्लू उचलून घरट्यात ठेवलं तर आईबाप त्याला भरवतात. खरं कारण असं, की आपण वारंवार जवळ गेलो की पक्षी बिथरतो, अंडी उघडी पडतात, आणि आपल्या मागावर कावळा असतो, मुंगूस असतं. मी मुलांना खोटं सांगायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून हेच सांगितलं. कोपीवरच्या मुलांना ते लगेच पटलं. रात्री-अपरात्री जागा बदलणाऱ्या, ताडपत्रीच्या आडोशाने झोपणाऱ्या मुलांना उघडं पडणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

मार्चमध्ये टोळ्या गेल्या. ट्रंक मोजली तर तेहतीस पुस्तकं भरली. टिटवीचं नव्हतं. शिक्षिकेला हुरहुर लागली. मला वाटलं, गेलं ते बरं झालं, कुणाच्या तरी मांडीवर असेल.

या वर्षी हंगाम सुरू झाला तशा कोप्या पुन्हा पडल्या, त्याच माळावर. शिक्षिकेचा फोन आला. ती मुलगी स्वतः शाळेत येऊन पुस्तक देऊन गेली होती. कडेवर भाऊ नव्हता, तो आता चालत होता. पुस्तकाचा एक कोपरा भिजून फुगलाय, पाठीला दोऱ्याने चार टाके घातलेत. शिक्षिकेने मला मधल्या पानाचा फोटो पाठवला. त्या चित्रात माळावरच्या खड्यांत टिटवीची तीन अंडी आहेत, पुस्तक आणल्यापासून तीनच होती, आणि आमच्यापैकी कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता तिथे शिसपेन्सिलीने चौथं काढलंय. ठिपके नीट दिलेत, टोक आतल्या बाजूला वळवलंय, जसं टिटवीच्या खऱ्या चार अंड्यांचं असतं.

खाली आकडा लिहिलाय: ४.